छताचं लघुलेखन

“चूहों के वास्ते? उंदरांसाठी खाण बंद करून राहिले तुम्ही?”

मॅनेजर असा ओरडला की भिंतीवरचा खाणीचा नकाशा एका खिळ्यातून सुटून लोंबकळला. बाहेर जीपमध्ये आमचा ड्रायव्हर झोपला होता. रेल्वे फाटकात मालगाडीच्या भोंग्यानेही हा माणूस कधी जागा झाला नव्हता. तो दार उघडून खाली उतरला. केबिनमध्ये खालच्या कामावर देखरेख करणारा ओव्हरमन, सेफ्टी ऑफिसर असे पाच-सहा जण उभे होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या गमबुटांकडे बघत होता.

आमचे साहेब मात्र खुर्चीत निवांत. खाणीतून वर येऊन दहा मिनिटं झाली होती, पण डोक्यावरचं हेल्मेट तसंच आणि त्यावरचा दिवाही चालूच. ते ज्याच्याकडे बघत त्याच्या तोंडावर उजेड पडे. त्यामुळे मॅनेजर बिचारा दुपारी दोन वाजता चेहऱ्यावर बॅटरी झेलत ओरडत होता.

मी साहेबांचा स्टेनो. खाणींमध्ये माणसं मरू नयेत म्हणून सरकारने एक खातं ठेवलं आहे, त्याच्या नागपूरच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली. साहेब तिथले निरीक्षक, शिक्षणाने मायनिंग इंजिनियर. खाणीत कुठे जिवाला तत्काळ धोका दिसला तर तेवढा भाग जागच्या जागी बंद करण्याची ताकद त्यांच्या सहीत होती. अट एकच, फॉर्मवर कारण लिहायचं. तो फॉर्म माझ्या मांडीवर होता आणि कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात दोन शब्द होते : उंदीर नाहीत.

मी हळूच वाकून म्हणालो होतो, “साहेब, ‘हवा कमी’ असं लिहू का? शोभून दिसेल.”

“हवा कमी हाय काय?”

“नाही.”

“मंग काहून लिवतो?”

आता असलं कारण वाचून कोणीही ओरडेल. मॅनेजरचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण साहेब काय चीज होते ते कळल्याशिवाय पुढचं सांगून उपयोग नाही, तेव्हा मॅनेजरला थोडा वेळ ओरडू देऊ.

खाणीत छत ठोकून बघतात. काठीने वर ठोकायचं. दगड पक्का असेल तर देवळातल्या घंटेसारखा वाजतो, सुटलेला असेल तर रिकाम्या माठासारखा. हे तिथल्या प्रत्येकाला येतं. साहेबांचं वेगळं एवढंच की वर आल्यावरही ते थांबत नसत. पितळी टोपीची वेळूची काठी घेऊन त्यांनी नागपुरातली जेवढी छतं ठोकली तेवढी महानगरपालिकेने बघितलीही नसतील. बँकेत ठोकलं. सावजीच्या हॉटेलात रस्सा येईपर्यंत ठोकलं आणि दोन टेबलं बदलली. धंतोलीतल्या एका दवाखान्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून ठोकलं आणि डॉक्टरला सांगितलं, “तुमचं चालू द्या, फक्त मले त्या भिंतीकडं सरकवा.” डॉक्टरने सरकवलं. साहेबांच्या आवाजात काहीतरी असं होतं की माणूस आधी सरकायचा आणि मग विचारायचा.

पुतणीच्या लग्नात तर कहर. मानेवाड्याकडचं मंगल कार्यालय, मे महिना, नवरदेव येऊन उभा. साहेबांनी स्टेजवरचं छत ठोकलं, कान तिरपा केला आणि स्टेज दहा फूट पुढे घ्यायला लावलं. भटजी होमासकट सरकले. व्याही तासभर धुमसत होता. लग्न लागलं, जेवणं झाली, काही पडलं नाही. तेव्हा व्याही म्हणाला, “काय पाव्हणे, पडलं तं नाही ना?”

साहेबांनी वर बघितलं. “पडलं नाही,” ते म्हणाले, “म्हणजे लटकून हाय.”

जेवणानंतर आडवं व्हायला हॉलमध्ये गाद्या घातल्या होत्या. अख्खं वऱ्हाड गाद्या उचलून नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात, पार्किंगमध्ये जाऊन लवंडलं. मीही.

त्यांचा फ्लॅट तळमजल्यावर होता आणि हॉलच्या मधोमध, फरशीपासून स्लॅबपर्यंत, सालाच्या लाकडाच्या दोन बल्ल्या ठोकलेल्या होत्या. बल्ली म्हणजे खाणीत छताला देतात तो लाकडी टेकू. हल्ली बहुतेक ठिकाणी लोखंड आलं आहे. साहेबांचं म्हणणं, लोखंड मुकं असतं, शेवटपर्यंत गप्प राहतं आणि एकदम वाकतं; लाकूड मात्र मोडायच्या आधी सांगतं. वहिनी त्या बल्ल्यांवर ओले टॉवेल वाळत घालायच्या. मला म्हणायच्या, “भाऊ, लोकाइच्या घरी शोकेस असते. माझ्या घरी खाण हाय. मी सासरी नाही, भुयारात नांदून राहिली.”

एका रविवारी दुपारी मी तिथे चिवडा खात होतो. बल्ली कुरकुरली. साहेबांनी हात वर केला. मी चिवडा न चावता तोंडात धरला. “वरती पाव्हणे आले,” ते म्हणाले. “चार. एक जाडा हाय.” मी उठून जिन्यात बघून आलो. वरच्यांच्या दाराशी चपलांचे चार जास्तीचे जोड, त्यातला एक होडीएवढा. इथवर ठीक आहे, इथवर मीही हसलो.

पण दिवाळीच्या आधी पुन्हा एकदा असाच बसलो होतो. बल्ली पुन्हा वाजली, पण आवाज निराळा होता. कुरकुर नाही, डोक्यावरचा भारा उतरवल्यावर बाई जसा श्वास सोडते, तसा. साहेबांचा कप बशीवर टेकला.

“हे उलटं हाय,” ते म्हणाले. “वजन उतरलं.”

“कोणी बाहेर गेलं असेल.”

“बाहेर गेलं तं जिन्यावर वाजते.”

आम्ही दोघं आणि वहिनी जिन्याकडे कान देऊन बसलो. जिना वाजला नाही. मग वरून पहिली हाक आली, मग रडणं. वरच्यांची म्हातारी दोन वर्षं अंथरुणावर होती. ती गेली होती. मी घरी येताना हिशेब करत आलो : म्हातारी पस्तीस किलोची नसेल. आणि मुख्य म्हणजे ती अजून खाटेवरच होती. मेलेल्या माणसाचं वजन काही उडून जात नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हे साहेबांना म्हणालो. ते म्हणाले, “मी तं फक्त आयकलं गा. हिशोब तू कर.” माझा अजून लागलेला नाही.

ऑफिसही तसंच करून ठेवलं होतं. आमच्याकडे काचेचे पेपरवेट नव्हते. फायलींवर दगड असायचे, मुठीएवढे, काळे, कडा धारदार. प्रत्येकाखाली पांढऱ्या रंगाने एका गावाचं नाव. बदलून आलेल्या नव्या अधिकाऱ्याने एकदा कौतुकाने एक दगड हातात घेऊन विचारलं, हे कुठले नमुने. मी सांगितलं की साहेबांनी चौकशी केलेल्या प्रत्येक अपघातातला हा एकेक आहे. जो दगड माणसावर पडला, त्याचाच तुकडा. अधिकाऱ्याने दगड खाली ठेवला नाही. त्याला तो ठेवताच येईना. हात तसाच पुढे धरून तो बाथरूमपर्यंत गेला. मी थोडं वाढवून सांगतो असं लोक म्हणतात, पण हात धुतल्याचा आवाज आम्ही पाऊण तास ऐकला.

गावाचं नाव का, तर साहेब माणसाचं नाव खाणीत घेत नसत आणि घेऊ देत नसत. खाली सगळे गावाच्या नावाने. ओ पारशिवनी, ओ खापा, ओ कुही. मलाही खाली गेल्यावर ते ‘मौदा’ म्हणायचे. मी एकदा कारण विचारलं. आम्ही दोघेच होतो, सगळीकडे पाणी ठिबकत होतं. साहेब बारीक आवाजात म्हणाले, “छताले नावं कायले शिकवायची?” त्यानंतर सहा महिने घरी बायकोने हाक मारली तरी मी आधी वर बघायचो.

आता उंदरांचं. खाणीत जमिनीखाली डबा खायची एक ठरलेली जागा असते. कामगार तिथे बसून डबा उघडतो आणि पहिला घास उंदराला टाकतो. बाहेरच्याला वाटतं भूतदया. तसं नाही, ती नोकरी आहे. उंदीर छताच्या भेगांत राहतो, छत हलायच्या आधी त्याला कळतं, तो निघून जातो. घास पडून राहिला की म्हातारे कामगार डबा बंद करून बाहेर पडतात. अपघाताच्या चौकशीत साहेब सगळे सरकारी प्रश्न संपल्यावर एक प्रश्न विचारत, जो मी कधीच टाइप केला नाही : “त्या दिवशी घास कोणी उचलला होता काय?”

तर ती सकाळ. खाण सावनेरकडची, नाव कशाला सांगू. निरीक्षणाला साहेब येणार म्हणून आतल्या भिंतींना चुना मारला होता, लग्नघर केलं होतं. आम्ही जिथे गेलो तिथे कोळशाचे खांब काढायचं काम चालू होतं. कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच जाड खांब सोडतात, आणि शेवटी तेही काढून घेत मागे मागे येतात. मागे जी पोकळी राहते तिचं छत थोडं थोडं पडत राहावं लागतं. पडलं तर बरं; नाही पडलं तर ते लटकतं, आणि लटकलेलं छत एकदमच येतं. तिथे छताची हालचाल मोजणारी यंत्रं लावली होती. यंत्रं म्हणत होती, हालचाल शून्य. छताखाली आधाराविना सोडलेली जागा नियमात. हवा भरपूर. मी इतकं स्वच्छ निरीक्षण कधी टिपून घेतलं नव्हतं.

मग साहेब डबा खायच्या जागेपाशी थांबले. एका चपट्या दगडावर रोटीचे तुकडे पडले होते. एका बाजूला ताजे, त्यांच्या पलीकडे वाळलेले, त्यांच्याही पलीकडे लाकडासारखे झालेले, आणि सगळ्यांवर चुन्याची पांढरी पूड. एकाही तुकड्याला दात लागलेला नव्हता. साहेबांनी दिवा खाली केला. पुडीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

तिथल्या टोळीचा प्रमुख, म्हातारा सरदार, जवळ उभा होता. “कवापासून?” साहेबांनी विचारलं.

“दोन दिवस झाले.”

“मंग बोलला काहून नाही?”

“कोणाले बोलू साहेब? रजिस्टरात उंदराचा कॉलम नाही.”

साहेबांनी काठी वर नेली आणि छताला न लावताच खाली घेतली. ज्या माणसाने स्ट्रेचरवरून छत ठोकलं, तो इथे ठोकायला धजत नव्हता.

असं आम्ही वर आलो, मी ते दोन शब्द लिहिले आणि मॅनेजर ओरडला. चारला दुसरी पाळी, चौतीस माणसं. त्यांनी आत जायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

मॅनेजर ओरडता ओरडता एकदम थांबला आणि हसायला लागला. हसत खुर्चीत बसला. “अहो साहेब, उंदीर कुठून दिसणार? आम्हीच मारले. तुमच्यासाठी मारले. इन्स्पेक्शन आहे म्हणून दवाई टाकली खाली.” त्याने ओव्हरमनकडे बघितलं. “टाकली ना बे?”

“टाकली सर. परवाच,” ओव्हरमन म्हणाला आणि रजिस्टर उघडून साहेबांपुढे धरलं. चुना मारणे, पूर्ण. नाल्या साफ करणे, पूर्ण. उंदीर निर्मूलन, पूर्ण. खाली सही.

मी पंधरा वर्षांत साहेबांचा चेहरा पडलेला पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला. त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. दिवा आता त्यांच्याच हनुवटीवर खालून पडत होता, आणि ते एकदम कोणाचे तरी आजोबा दिसायला लागले. म्हणाले, “साक्षीदार मारून टाकला तुम्ही. आता मी कोणाले विचारू?”

“यंत्राला विचारा ना,” मॅनेजर म्हणाला, आणि नागपूरला फोन लावला.

वरच्या साहेबांचा फोन पाच मिनिटांत उलटा आला. आमचे साहेब तीनदा “हो सर” म्हणाले. फॉर्मचे चार तुकडे केले, खिशात ठेवले. “आदेश रद्द,” ते म्हणाले. मॅनेजरने खुशीत चहा मागवला. तोवर साहेबांनी हेल्मेट घातलं आणि काठी उचलली.

“आता कुठे?”

“निरीक्षण संपलं असं कोण म्हणालं? मी तं डबा खायले वर आलो होतो.”

चालू निरीक्षणात निरीक्षकाला अडवणं हा गुन्हा आहे, हे मॅनेजरला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. साहेब खाली गेले, त्या भागाच्या तोंडाशी जिथे छताला शेवटचा पक्का आधार होता तिथे रुळांवर एक लाकडी खोकं आडवं टाकलं आणि रस्ता अडवून त्यावर बसले. मला शेजारी बसवलं. साडेचारला चौतीस माणसं आली; पाळी संपूनही घरी न गेलेला म्हातारा सरदार त्यांच्यासोबत होता. साहेब मागे न बघता म्हणाले, “याच्या पुढं माझं निरीक्षण चालू हाय. मंधात कोणी यायचं नाही.” माणसं मागे ओळीने बसली. मॅनेजर धापा टाकत आला. भित्रा नव्हता तो, मान्य करायला हवं. कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“किती वेळ साहेब?”

“ते बोलेस्तोवर.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मौदा, लिव.”

“काय लिहू?”

“ते जे म्हणते ते.”

शॉर्टहँडमध्ये मी मंत्र्याचं भाषण घेतलं आहे, दोन वकील एकाच वेळी भांडत असताना दोघांनाही घेतलं आहे. छताचं भाषण पहिल्यांदाच. लिहिलं : चार पस्तीस, थेंब. चार पस्तीस, थेंब. समोर आमच्या दिव्यांचा उजेड जाईल तिथवर पांढऱ्या भिंती आणि त्यापुढे काळं. त्या काळ्यातून ठिबक यायची आणि मी लिहायचो. मागे कोणीतरी खोकलं, तेही मी लिहिलं आणि मग खोडलं. गप्प बसण्याला शॉर्टहँडमध्ये खूण नाही, म्हणून जागा कोरी सोडत गेलो. पानं कोरी होत गेली. चार पन्नासला थेंब थांबला.

पाणी बंद होताना आवाज होत नाही. पण चौतीसच्या चौतीस माणसांनी मान वर केल्याचं त्यांच्याकडे पाठ असूनही मला कळलं. मॅनेजरने कमरेवरचे हात काढले.

“लिहिलं काय?” साहेबांनी विचारलं.

“हो.”

पाच वाजून सात. आत खोल, डावीकडे, एक बल्ली वाजली. पाच आठ, दुसरी, जवळची. मग सगळ्या बल्ल्या एकदम बोलायला लागल्या. बाजारात उठतो तसा गलबला, आणि त्या गलबल्यात मला, शपथेवर सांगतो, श्वास घेतल्याचे आवाज ऐकू आले, आणि ते आमच्या बाजूचे नव्हते. माझी पेन्सिल चालतच होती. मग तो सगळा गलबला कोणी हात वर केल्यासारखा थांबला.

“उठा,” साहेब म्हणाले. “मांगं चाला. पळू नका. नावं घेऊ नका.”

आम्ही चाललो. मॅनेजर सगळ्यात मागे होता आणि म्हाताऱ्या सरदाराला पुढे ढकलत होता. दोन वळणं गेली असतील. आधी वारा आला, आवाज नंतर. वाऱ्याने माणसं पत्त्यांसारखी बसवली, हेल्मेटं घरंगळली, कान गच्च झाले. मग धूळ. धुळीत दिवे असे दिसत होते जसे कोणी दुधात चंद्र सोडलेत. त्या पांढऱ्यात साहेबांचा आवाज : “पारशिवनी?” “हाय.” “खापा?” “हाय.” “केळवद?” “हाय जी.” चौतीस हाका झाल्या. एका गावाचे तिघं होते, त्यांनी एक, दोन, तीन करून सांगितलं. सगळी होती. मॅनेजर रुळांवर बसून कोणाच्या तरी बाटलीतलं पाणी पीत होता.

लोकांनी वर आल्यावर साहेबांना खांद्यावर घेतलं, फुलं आणली, असं सांगायला मला आवडलं असतं. त्यांनी हातपाय धुतले आणि जीपमध्ये बसले. कोराडी आल्यावर म्हणाले,

“उंदीर तं औषधानं मेले होते नं गा?”

“हो. रजिस्टरात आहे.”

“म्हणजे आपल्याले कोणी सांगितलंच नव्हतं.”

“पण साहेब, छत आलं. चौतीस माणसं घरी गेली.”

“आंधळ्याच्या काठीखाली साप मेला, म्हणून आंधळ्याले दिसते काय?” ते खिडकीबाहेर बघत होते. “बल्ली वाजली ते कोणालेही आयकू आलं. मी सकाळी अकरा वाजता काय आयकलं होतं? काहीच नाही. विष खाल्लेल्या उंदराच्या भरवशावर मी अडून बसलो, आणि ते जमलं. उद्या दुसऱ्या खाणीत घास उचललेला दिसंल, आणि मी म्हणीन, जा बाप्पा, काही नाही होत. आणि ते जातीन. मी म्हणलं म्हणून जातीन.”

आज ड्रायव्हर जागा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात त्यांनी मला दोन ओळींचं पत्र सांगितलं, स्वेच्छानिवृत्तीचं. कारण लिहायची गरज नव्हती तरी त्यांनी लिहायला लावलं : ऐकू येत नाही. मी म्हणालो, साहेब, कान तपासायला बोलावतील. ते म्हणाले, तपासू दे. सही केली, पाकीट बंद केलं, खिशात ठेवलं आणि म्हणाले, आधी कालचा अहवाल पुरा करू. खाणीवरून परत आल्यावर हे देऊ.

अहवालात त्यांना स्वतःची चूक नोंदवायची होती. आदेशाचं कारण खोटं होतं, उंदीर विषाने मेले होते, हे तारखेसकट, पुड्यांच्या संख्येसकट लिहायचं होतं. मी जीव तोडून सांगितलं की हे कोणी मागितलेलं नाही. पण ज्यांनी मला ‘हवा कमी’ लिहू दिलं नाही ते हे थोडंच सोडणार. खाणीवर गेलो. मॅनेजर पुढे होऊन आला, साहेबांचे दोन्ही हात धरले. साहेबांनी हात सोडवून घेतले आणि ओव्हरमनला विचारलं, औषध कुठे कुठे टाकलं. ओव्हरमन म्हणाला, ते माणसांनी टाकलं असेल, मी फक्त सही केली. पुड्या गोदामातून गेल्या असतील.

म्हणून आम्ही गोदामात गेलो. पत्र्याची लांब शेड, आत टेबलाशी गोदामवाला, चष्मा कपाळावर, समोर गमबुटांचा ढीग. डावा-उजवा जोड लावत होता. साहेबांनी वही माझ्या हातात दिली, मी पेन्सिल काढली.

“निरीक्षणाच्या आधीचं उंदराचं औषध,” साहेब म्हणाले. “किती पुड्या दिल्या?”

गोदामवाल्याने वरही बघितलं नाही. “दिल्या कुठं साहेब,” तो म्हणाला. “खोकं अजून बांधलेलंच हाय.”